हा एक लॉट निघू दे

वाघमारे मॅडमचा फोन दुसऱ्यांदा वाजलेला मी कधी ऐकला नाही. पहिल्या घंटीलाच त्या उचलायच्या आणि पलीकडं कोण आहे हे न बघताच म्हणायच्या, "बोला, कोणती चिप?" एकदा पलीकडं त्यांच्या सासूबाई होत्या. नणंदेचा साखरपुडा ठरल्याचं सांगायला त्यांनी फोन केला होता. "चिप नाय गं बाई, मी हाय," असं त्या म्हणाल्या, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळं सगळी खोली हसली. मॅडमही हसल्या. पण बोलणं झाल्यावर फोन काही त्यांनी टेबलावर ठेवला नाही. तो कायम त्यांच्या हातात असायचा. जेवतानासुद्धा डाव्या हातात फोन आणि उजव्या हातानं भाकरी मोडणं चालायचं, तेही बऱ्याचदा उभ्यानं.

त्यांचं नाव संघमित्रा. माहेर देवगाव रंगारीचं. वडील लहानपणीच गेलेले, आई अंगणवाडीत मदतनीस. वस्तीतली इंजिनिअर झालेली ती पहिली मुलगी. हे सगळं त्यांनी मला एकदाच, गेटवर बसची वाट बघताना, एका दमात सांगितलं आणि पुन्हा त्यावर कधी बोलल्या नाहीत. स्वतःविषयी बोलायचा त्यांना कंटाळा. चिपविषयी मात्र अशा बोलायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, गल्लीतल्या बायकांचं चाललंय. "ही लई आळशी आहे. हाक मारली की उठायलाच वेळ लावते." "ही बरी आहे, पण ऊन चढलं की बावरते." ऑफिसात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. चिडल्या किंवा खूश झाल्या की देवगाव बाहेर पडायचं.

आमची कंपनी वाळूजला, मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. आम्ही एकच गोष्ट बनवायचो. सरकारी दवाखान्यात लशींचे फ्रिज असतात, त्यावर बसणारी एक डबी. फ्रिजमधलं तापमान ती सतत नोंदवते आणि बिघडलं तर ओरडते. लस तापली की वाया जाते, आणि वाया गेलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच असते. म्हणून त्या डबीला महत्त्व. मी टेस्टिंगला होते. तयार डब्या गरम भट्टीत आणि थंड पेटीत घालून बघायच्या, हे माझं काम. माझं टेबल मॅडमच्या टेबलाला लागून होतं, त्यामुळं त्यांचं जे काही मला माहीत आहे ते शेजारणीला माहीत असतं तेवढंच.

आता मॅडमचं काम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डबीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याची सगळी सिस्टीम एका फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये साठवलेली असते. वीज आली की कॉम्प्युटर त्या चिपकडून सिस्टीम वाचून घेतो आणि जागा होतो. पण 'वाच' म्हटल्यावर चिपला उत्तर द्यायला एक बारीकसा वेळ लागतो, आपल्याला मोजता येणार नाही इतका बारीक. तेवढं थांबायला हवं. घाई केली तर अर्धवट उत्तर हाती येतं आणि डबी तिथंच अडकते. फार थांबलं तर डबी रांगत रांगत चालते. किती थांबायचं ते सिस्टीमच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या भागात, लिहून ठेवावं लागतं. आणि प्रत्येक कंपनीच्या चिपचा वेळ वेगळा.

मी लागले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या बऱ्याच डब्या अचानक बंद पडायला लागल्या होत्या. सकाळी ठीक, दुपारी वीज जाऊन आली की मेलेल्या. कुणाला काही कळेना. मॅडम तेव्हा नव्या होत्या. त्यांनी शोधून काढलं की उन्हात चिप किंचित मंदावते आणि आमचा ड्रायव्हर तिच्यासाठी थांबत नाही. मग त्यांनी एकेक चिप मापून ड्रायव्हरमध्ये एक तक्ता बसवला. ही चिप असेल तर इतकं थांब, ती असेल तर तितकं. डब्या चालायला लागल्या. आमचे मालक जाधव साहेब पैठणकडच्या शेतकरी घरातले. स्वतः हातानं सोल्डरिंग करत करत त्यांनी कंपनी उभी केली होती, आणि माणूस मनानं फार चांगला. त्यांनी सगळ्यांना जमवून पेढे वाटले आणि म्हणाले, "ह्या पोरीनं कंपनी वाचवली."

त्या पेढ्यांपासून मॅडम अडकल्या, असं मला वाटतं.

कारण चिपांचा बाजार असा की आज मिळते ती उद्या मिळत नाही. खरेदीला मुळे म्हणून होते. ते बिचारे मिळेल ती चिप आणायचे. नवी चिप आली की तक्त्यात नवी ओळ हवी. ती ओळ लिहायची म्हणजे सिग्नल स्क्रीनवर बघायचे, गरम करून बघायचे, थंड करून बघायचे, आणि मग अंदाजानं नाही तर अंगात भिनलेल्या सवयीनं आकडा ठरवायचा. ते फक्त मॅडमना यायचं. मदतीला दोन मुलं दिली होती. एक पुण्याला गेला, दुसऱ्यानं बसवलेला आकडा दुपारी फसला. साहेब संघमित्राचं मित्रा करायचे. ते म्हणाले, "जाऊ दे, मित्राच बघेल."

मॅडमचे मिस्टर मिलिंदभाऊ एका मोठ्या कारखान्यात पाळीवर. घर बजाजनगरला, दोन खोल्यांचं. मुलगी यशोधरा, सगळे तिला यशू म्हणायचे. भाऊंची पाळी दर आठवड्याला बदलणारी आणि मॅडमचा फोन कधीही वाजणारा, म्हणून यशू वर्षाची व्हायच्या आतच तिला देवगावला आजीकडं ठेवलं. "थोडे दिवस," असं ठरलं होतं. मॅडम दर रविवारी जायच्या. म्हणजे जायच्या असं ठरलेलं. मुळेंचा माल बहुतेक शनिवारीच यायचा.

एकदा मी त्यांच्याबरोबर साहेबांच्या केबिनमध्ये रिपोर्ट द्यायला गेले होते. रिपोर्ट झाल्यावर मॅडम उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मला जूनपासून मोकळं करा. मुलगी शाळेत जाईल आता. तिला इकडं आणायचंय, मला घरी वेळ पाहिजे."

साहेबांनी चष्मा काढला. "बस ना. नसरीन, तूही बस. मित्रा, तुला पोरीचं वाटतं ते मला कळत नाही का? पण बाहेर बघ. ही सगळी माणसं. तू गेलीस आणि एक लॉट अडकला तर ह्यांना मी काय सांगू? हा एक लॉट निघू दे. मग आपण निवांत बसून ठरवू."

साहेब खोटं बोलत नव्हते. दर वेळी तो एकच लॉट त्यांना खरोखर डोंगराएवढा दिसायचा. बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "ओरडले असते तर बरं झालं असतं गं. भांडून तरी निघाले असते." यशू त्या जूनमध्ये देवगावच्याच शाळेत गेली.

त्यांची एक सवय होती. चहा आला की कपावर बशी पालथी घालायच्या, गार होऊ नये म्हणून. मग कामात विसरायच्या, आणि बशी उचलायच्या तेव्हा चहावर साय धरलेली असायची. ती बोटानं बाजूला करून तसाच प्यायच्या. ऑफिसातला पोरगा म्हणायचा, "मॅडम, दुसरा आणू का?" त्या म्हणायच्या, "नको रे, हा पण चहाच आहे." मला ते कधी सहन व्हायचं नाही. माझी अम्मी असती तर कप ओढून घेऊन म्हणाली असती, "क्या हालत कर लिए बेटा." मी नुसती बघत बसायचे.

मग यशूला डेंग्यू झाला. त्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. कन्नडला एका दवाखान्यात ठेवलं होतं, मॅडम तिच्या उशाशी होत्या. इकडं मुळे नव्या चिपा घेऊन आले, बोर्ड तयार झाले, आणि एकही डबी जागी होईना. पिवळा दिवा लागायचा आणि तसाच राहायचा. हिरवा व्हायचाच नाही. सरकारी माल पाठवायचा होता. साहेबांनी फोन केला, तेव्हा मी तिथंच होते. त्यांचा आवाज खरंच रडवेला होता. "मित्रा, मला लाज वाटतीय विचारायला. तासभर ये फक्त. गाडी पाठवतो. ताप उतरलाय म्हणालीस ना?"

मॅडम आल्या. अंगाला दवाखान्याचा वास, केस न विंचरलेले. कुणाशी न बोलता त्यांनी मशीन सुरू केलं. फोन उलटा करून टेबलावर ठेवला. तसा ठेवलेला मी तो पहिल्यांदाच पाहिला. तो थरथरत सरकायचा, त्या डाव्या हातानं त्याला परत जागेवर आणायच्या आणि उजव्या हातानं आकडे टाकायच्या. ती चिप नाठाळ निघाली. तासाभराचे पाच-सहा तास झाले. सूर्य मावळायला आला तेव्हा हिरवा दिवा लागला. बाहेर लाइनवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पर्स उचलली आणि गाडीत जाऊन बसल्या.

यशू बरी झाली. पण पुढच्या सोमवारी मॅडम मला म्हणाल्या, "मी पोचले तेव्हा ती जागी होती. मला बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाली, 'आजे, पाणी दे.' तांब्या माझ्या हातात होता, नसरीन."

मग त्यांनी स्क्रीनवरच्या त्या तक्त्याकडं बोट दाखवलं. वर्षानुवर्षांच्या ओळी होत्या त्यात, खाली खाली जाणाऱ्या. "हा मी केलाय. लई अभिमान होता मला ह्याचा. आता हा मला खातोय. ह्याला आता ठेवत नाय मी."

त्यांना काय करायचं होतं ते त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत समजावलं. नव्या चिपांच्या पोटात एक छोटं पान असतं. त्यावर बनवणाऱ्यानंच लिहिलेलं असतं की ही चिप किती वेगानं उत्तर देऊ शकते. ड्रायव्हरनं सुरुवातीला सगळ्यात संथ चालीनं ते पान वाचायचं आणि मग स्वतःच स्वतःचा वेळ लावून घ्यायचा. तक्ता नको, माप नको, मॅडम नकोत.

"मग हे आधी का नाही केलं?" मी विचारलं.

"पहिल्या चिपांना असं पान नव्हतं. नंतर आल्या त्यांना होतं, पण तोवर तक्ता चालत होता." त्या जराशा हसल्या. "आणि खरं सांगू? सगळे मलाच विचारायला यायचे, ते बरं वाटायचं तेव्हा."

ते काम त्यांनी सगळं सांभाळून केलं. झालं तेव्हा साहेबांनाही आवडलं, आणि एक छोटा लॉट तो नवा ड्रायव्हर घालून बाहेर गेला. उन्हाळा लागला. कन्नडच्या पुढं, घाटाखालच्या एका गावातून फोन आला. तिथल्या नर्स गायकवाड सिस्टर मॅडमना ओळखत होत्या. "वाघमारे मॅडम, तुमचं डबडं पिवळा दिवा लावून बसलंय. लाइट दोनदा गेली सकाळपासून. लस चांगली हाय का खराब, मला कसं कळावं?"

मॅडम आणि मी गाडीनं गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बायका लेकरं घेऊन बसलेल्या. त्या दिवशी लसीकरण होतं. सिस्टरनी फ्रिज उघडू दिला नव्हता. त्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी टोचणार नाय. तापलेली लस टोचली आन् पोराला उद्या गोवर झाला तर त्याची आई मला विचारंल, तुम्हाला नाय." मग बायकांना त्यांनी समजावून परत पाठवलं. एक बाई लांबच्या वस्तीवरून पायी आली होती. ती लेकराला पदराखाली घेऊन उठली आणि जाताना आमच्या डबीकडं एकदा बघून गेली. मॅडमनी मान खाली घातली.

डबी उघडल्यावर खरं कळलं. चिपवर एका नामांकित कंपनीचं नाव होतं, पण ती नकली होती. बनवणाऱ्यानं आतलं पान अस्सल चिपचं उतरवून घेतलं होतं. चिप सांगत होती, मी जोरात पळते. आणि उन्हात तिचा दम निघत होता. ड्रायव्हरनं तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला.

साहेब रागावले नाहीत. तेच वाईट झालं. त्यांनी मॅडमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मित्रा, तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. ह्या आपोआपवर नाही. आपला तक्ता बरा." लॉट परत आला, तक्ता परत बसला, फोन परत वाजायला लागला. "बोला, कोणती चिप?"

तो काळ मला नीट आठवतो, कारण मॅडम तेव्हा अगदी गप्प झाल्या होत्या. बजाजनगरवरून वाळूज, वाळूजवरून बजाजनगर. मिलिंदभाऊ पाळीवरून यायचे तेव्हा ह्या निघालेल्या असायच्या. स्कूटी गेटजवळ लावल्यावर त्या हेल्मेट न काढता तशाच बसून राहायच्या थोडा वेळ. आत यायची इच्छा नाही आणि दुसरीकडं जायला जागा नाही, असं काहीतरी. वॉचमन विचारायचा, "मॅडम, तब्येत बरी नाय का?" त्या म्हणायच्या, "बरी आहे की."

पण काम त्यांनी सोडलं नव्हतं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या भट्टीजवळ आल्या. हातात एक डबी. "ही आत टाक. आणि सारखी बंद-चालू कर, लाइट गेल्यासारखी."

"काय बदललं?"

"आता चिपचं ऐकायचं, पण खात्री करून घ्यायची. ती म्हणते मी इतकी पळते. बरं बाई, पळून दाखव. आधी संथ चालीत वाचलेलं पान त्या वेगानं पुन्हा वाचायला लावायचं. अक्षर न् अक्षर तेच आलं तर खरी. चुकली तर एक पायरी खाली. पुन्हा चुकली तर आणखी खाली. आणि जिथं जमलं तिथं पण थांबायचं नाय, त्याच्याही एक पायरी अलीकडं राहायचं. सकाळी जमलेलं दुपारी जमंलच असं नाय ना."

"आणि पानच नसेल तर?"

"तर मुकाट संथ चालायचं. रांगंल, पण मरणार नाय."

त्यांच्या बोलण्यात देवगाव परत आलं होतं. माझ्या ते लक्षात आलं आणि मला बरं वाटलं.

भट्टीत मी त्या डबीचे हाल केले. गरम केली, वीज तोडली, जोडली, थंड पेटीत घातली, पुन्हा गरम केली. दवाखान्यातून परत आलेल्या त्या नकली चिपाही लावून बघितल्या. थंडीत त्या वरच्या पायरीवर चढायच्या, भट्टीत खालच्या. दिवा मात्र दर वेळी हिरवा. मॅडम काचेतून बघत उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "पिवळ्यावर जरा जास्त थांबली का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, तुम्हालाच तसं वाटतं."

साहेबांना त्यांनी हे सांगितलं नाही. नवा लॉट येईपर्यंत थांबल्या. मुळे काही एका कंपनीच्या, काही दुसऱ्याच कंपन्यांच्या, अशा मिसळ चिपा घेऊन आले, कारण एका जागी पुरेशा मिळाल्याच नव्हत्या. ते स्वतःच घाबरले होते. लाइनचा सुपरवायझर मॅडमकडं धावत आला. त्या लॉटच्या डब्यांत मॅडमनी नवा ड्रायव्हर आधीच घालून ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, "साहेबांना बोलव. आणि डब्यांना नुसती वीज दे."

साहेब आले. टेबलावर एका ओळीत डब्या मांडल्या होत्या. मॅडम लांब, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या. वीज दिली. सगळ्या डब्यांचे पिवळे दिवे लागले. ओळीतला एक हिरवा झाला. मग दुसऱ्या टोकाचा. मग मधले एकेक. शेवटचा एक रेंगाळला. तोही हिरवा झाला.

"कधी मापल्यास ह्या?" साहेबांनी विचारलं.

"मी काय नाय केलं साहेब. ह्या कोणत्या चिपा आहेत ते पण मला माहीत नाय."

साहेब बराच वेळ ती ओळ बघत राहिले. मग त्यांनी अट घातली की एक उन्हाळा काढू दे. त्यात काही चूक नव्हती. थोड्या डब्या निवडक गावांना गेल्या, पहिली गायकवाड सिस्टरांकडं. तो उन्हाळा मॅडमनी कसा काढला ते मी शेजारून बघत होते. वीज गेल्याची बातमी आली की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. फोन आला की उचलायच्या, आणि बहुतेक वेळा तो बँकेचा नाहीतर मिलिंदभाऊंचा असायचा. पाऊस सुरू झाला तरी एकही डबी परत आली नाही. सिस्टरांचा एकदा फोन आला. त्यांना वेगळंच विचारायचं होतं, की डबीचा आवाज थोडा कमी करता येईल का.

मी शेवटचा रिपोर्ट घेऊन केबिनमध्ये गेले, तेव्हा मॅडम बरोबर होत्या. साहेबांनी सही केली आणि उभे राहिले. चेहरा फुललेला. "मित्रा, कमाल केलीस. आता तर तू पाहिजेसच. विचार कर, आणखी काय काय आपोआप करता येईल! वेगळा विभागच करू, तू त्याची मुख्य."

मॅडमनी पर्समधून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, मी हे त्याच्यासाठी नव्हतं केलं."

साहेब खाली बसले. कागद त्यांनी उघडला नाही. म्हणाले, "मला वाटायचं तुला आवडतं हे. फोन केला की तू लगेच उचलायचीस."

"भीतीनं उचलायचे," मॅडम म्हणाल्या.

साहेबांच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मॅडमना ते बघवेना. त्या अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या. मला वाटलं, आता ह्या विरघळणार आणि राहणार. पण साहेबच म्हणाले, "जा तू. पोरीकडं जा." आणि खिडकीकडं बघत बसले. निरोपाचा कार्यक्रम मॅडमनी नको म्हटलं. लाइनवर जाऊन एकेकाला भेटल्या, मुळेंना म्हणाल्या, "आता कुठल्याबी चिपा आणा," आणि दुपारीच गेल्या.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. माझ्या बहिणीच्या निकाहचं आमंत्रण द्यायला मी देवगाव रंगारीला गेले होते. मला वाटलं होतं, यशूला घेऊन त्या बजाजनगरला आल्या असतील. पण फोन केल्यावर कळलं, यशू यायला तयार झाली नव्हती. "मी आजीजवळच राहणार," असं तिनं स्पष्ट सांगितलं. मग मॅडमच देवगावला येऊन राहिल्या होत्या. मिलिंदभाऊ सुट्टीला येतात, त्या आठवड्यातून काही दिवस कन्नडच्या एका कॉलेजात शिकवायला जातात.

त्यांच्या आईनं चहा केला. मॅडम जरा भरल्या होत्या अंगानं. चेहरा मात्र तसाच, कान कुठंतरी लागलेले. मी म्हटलं, "सुटलात मॅडम."

"सगळे तेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "सुटले खरी. पण झोप अजून लागत नाय. आणि यशू..." त्यांनी आईकडं बघितलं. आई चुलीकडं वळल्या. "मम्मी म्हणती मला. काय पाहिजे नको ते आजीला सांगती. शाळेत कोण काय म्हणालं, दात कुठला हलतोय, सगळं आजीला. तिनं मला अजून घेतलं नाय आत. मी काय म्हणू? माझा हक्क मागायला तोंड आहे का मला?"

"होईल हळूहळू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायचंय आता?"

मला पोचवायला त्या स्टँडपर्यंत आल्या. शाळा सुटायची वेळ होती. रस्ताभर पोरं. यशू मैत्रिणींबरोबर येताना दिसली, तेल लावलेल्या दोन घट्ट वेण्या, चालणं अगदी आईचं. तिनं आम्हाला पाहिलं. थांबली नाही, आमच्या शेजारून बोलत बोलत पुढं गेली. मॅडमनी हाक मारली नाही. माझी बस लागली होती. त्या मला म्हणाल्या, "नीट जा," आणि थोडं अंतर राखून मुलीच्या मागं चालायला लागल्या.

मी खिडकीतून बघत होते. पुढं काही अंतरावर यशूच्या सँडलचा पट्टा सुटला. ती वाकली, पण पाठीवरचं दप्तर पुढं यायला लागलं. तिनं ते खांद्यावरून काढलं आणि मागं न बघता, हात तसाच मागं केला. मॅडम झपझप पुढं गेल्या आणि दप्तर घेतलं. यशूनं पट्टा लावला, उठली आणि मैत्रिणींना गाठायला पळाली, दप्तर तसंच त्यांच्या हातात ठेवून.

बस वळली तेव्हा मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. दप्तर त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, आणि मागून हॉर्न देणाऱ्या ट्रॅक्टरकडं त्यांचं लक्ष नव्हतं.